सुलतानाचं स्वप्न आणि पडद्याची बस



विज्ञानकथा म्हटलं की आपल्या मराठी माणसाला पहिलं नाव आठवतं ते डॉ. जयंत नारळीकरांचं. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेचा किस्सा अनेकांना ठाऊक असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा उतरवून काढली मंगलाताईंनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मंगलाताई म्हणजे कुणी लेखनिक नव्हेत, त्या स्वतः गणितज्ञ. मला या किश्शात एक गंमत वाटत आली आहे. आधुनिक मराठी विज्ञानकथेची गोष्ट जिथून सांगायला सुरुवात होते, त्या कागदावरचं अक्षर एका बाईचं आहे.

आज मी बोलणार आहे ते अशा एका बाईंविषयी, ज्यांच्या कथेत अक्षरही त्यांचं होतं आणि कल्पनाही त्यांचीच. त्यांनी ती कथा लिहिली तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या, पडद्यात राहत होत्या आणि शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या.

पण त्याआधी थोडं माझं सांगते, म्हणजे हा विषय मी का निवडला ते कळेल. मी कविता लिहिते. वीसेक वर्षांपूर्वी मी व्हॉयेजर यानावर एक कविता लिहिली होती. सूर्यमाला ओलांडायला निघालेलं ते एकटं यान, त्याच्यावर ठेवलेली माणसांच्या आवाजांची तबकडी, असं काहीबाही. एका मासिकाकडे पाठवली. साभार परत आली. सोबत संपादकांचं पत्र, अगदी प्रेमाने लिहिलेलं. कविता बरी आहे, पण आपल्याकडून आपल्या समाजातल्या स्त्रीच्या व्यथेची अपेक्षा आहे, असं त्यात होतं. मी पत्र घडी करून ठेवून दिलं. राग आला नाही असं म्हणणार नाही. व्यथा आहेत, लिहिल्याही आहेत. पण मुसलमान बाईने कागद पुढे ओढला की त्यावर रडायचंच, अवकाशात जायचं नाही, हा नेम कुणी केला?

या प्रश्नाचं उत्तर माझ्या आधी शंभर वर्षं एका मुसलमान बाईने देऊन ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या मुलीच्या एम.ए.च्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात ती कथा सापडली. पंधरा-वीस पानांची इंग्रजी गोष्ट. नाव 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचं स्वप्न. लेखिका रोकेया सखावत हुसेन. बंगालीत रोकेया म्हणतात, आमच्या घरांत हेच नाव रुकय्या होतं. मी आपलं रुकय्याच म्हणेन, जवळचं वाटतं.

श्रोतेहो, विज्ञानकथा हा पुरुषांचा प्रांत, बायका त्यात पाहुण्यासारख्या नंतर आल्या, असा आपला एक समज असतो. खरं तर त्या दारातच उभ्या होत्या. इंग्रजीत या प्रकाराला स्वतंत्र नाव रूढ झालं ते १९२० च्या दशकात, अमेरिकेतल्या मासिकांतून. त्याच्या कितीतरी आधी, १६६६ साली, इंग्लंडमधल्या मार्गारेट कॅव्हेंडिश या सरदारपत्नीने 'द ब्लेझिंग वर्ल्ड' लिहिलं. त्यातली तरुणी उत्तर ध्रुवावरून दुसऱ्याच जगात जाते, तिथली सम्राज्ञी होते आणि अस्वलमाणसं, पक्षीमाणसं अशा तिथल्या शास्त्रज्ञांची उलटतपासणी घेते. पुढच्याच वर्षी मार्गारेटबाई लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग पाहायला गेल्या. त्या संस्थेने बाईला सभासद करून घेतलं ते १९४५ साली. मध्ये पावणेतीनशे वर्षं गेली.

दुसरं नाव मेरी शेली. 'फ्रँकेन्स्टाईन' ऐकला नाही असा माणूस विरळा, पण बहुतेकांना तो त्या राक्षसाचंच नाव वाटतो. ते नाव त्याला घडवणाऱ्या तरुणाचं आहे. १८१५ साली इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही मित्रमंडळी पावसामुळे घरात अडकली, कवी बायरनने टूम काढली की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. अठरा वर्षांच्या मेरीने जी लिहायला घेतली ती १८१८ साली पुस्तक होऊन आली, लेखिकेच्या नावाशिवाय. हे पुरुषाचंच काम असणार, असं अनेकांनी धरून टाकलं. मेरीची आई तिच्या जन्मानंतर दहा-अकरा दिवसांत गेली होती आणि तिचं स्वतःचं पहिलं मूल आदल्याच वर्षी दगावलं होतं. त्या कादंबरीकडे लोक विजेच्या झटक्याची गोष्ट म्हणून पाहतात. मला ती जीव जन्माला घालून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या बापाची गोष्ट वाटते.

आता बंगालकडे येते.

बेगम रुकय्या १८८० साली रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावी जमीनदाराच्या घरात जन्मल्या. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडिलांना भाषा पुष्कळ येत, पण मुलींनी कुराण वाचावं, फार तर थोडं उर्दू, असा रिवाज. बंगाली नको, इंग्रजी तर नकोच. थोरले भाऊ इब्राहिम कलकत्त्याला शिकलेले. घर झोपलं की ते मेणबत्ती लावून धाकट्या बहिणीला इंग्रजी शिकवत. थोरली बहीण करीमुन्निसा स्वतः चोरून बंगाली शिकलेली, कविता करणारी. तिने बंगाली दिलं. म्हणजे एका भाषेची शिकवणी भावाकडे, दुसरीची बहिणीकडे, आणि दोन्ही लपूनछपून.

पडदा तर पाचव्या वर्षापासून. तोही पुरुषांपासूनच नव्हे, घराबाहेरच्या बायकांपासूनसुद्धा. परक्या बायका घरात आल्या की या मुलीने दिसेनासं व्हायचं. स्वयंपाकघरात, खाटेखाली, मिळेल तिथे. एकदा पाहुण्या आल्या आणि पाच वर्षांची ही पोर चार दिवस माळ्यावर अडगळीत बसून राहिली. घरातलं तिच्याच वयाचं एक मूल आठवण झाली तर वर दूध आणून देई. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय, अगदी साध्या सुरात.

विशी गाठायच्या आत लग्न झालं. पती सय्यद सखावत हुसेन भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट, बिहारचे, उर्दू बोलणारे, इंग्लंडला जाऊन आलेले, वयाने बरेच मोठे, बिजवर. पण माणूस निराळा. बायकोने वाचावं, लिहावं, इंग्रजी पक्कं करावं असा त्यांचा आग्रह. दोन मुली झाल्या, दोन्ही तान्हेपणीच गेल्या. मोठं घर, साहेब दौऱ्यावर, बायको एकटी. अशाच एका दौऱ्याच्या वेळी वेळ जावा म्हणून रुकय्यांनी ही गोष्ट लिहिली. पती परतले, काय केलंस म्हणून विचारलं, त्यांनी कागद पुढे ठेवले. सखावतसाहेबांनी ते उभ्या उभ्याच वाचून संपवले आणि हा भयंकर सूड आहे असा शेरा दिला. मग तेच कागद त्यांनी प्रसिद्धीसाठी पुढे पाठवले. कमला सत्यनाथन मद्रासहून 'इंडियन लेडीज मॅगझिन' चालवत, त्यात ती कथा १९०५ साली छापून आली. १९०८ साली कलकत्त्याला तिचं छोटं पुस्तक निघालं.

काय आहे या सुडात?

सुलताना आपल्या खोलीत आरामखुर्चीत बसलीय, हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करता करता तिचा डोळा लागतो. तिची मैत्रीण सारा येते आणि बाहेर फिरायला चल म्हणते. रात्र आहे, रस्ते सामसूम असतील, म्हणून सुलताना निघते. बाहेर येऊन पाहते तर लख्ख ऊन, रस्ते माणसांनी गजबजलेले, आणि ती सगळी माणसं म्हणजे बायका. पडद्याशिवाय चाललोय म्हणून ही अंग चोरते, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसतात, म्हणतात, ही बघा कशी पुरुषी! पुरुषी म्हणजे? पुरुषांसारखी लाजरीबुजरी, भित्री. कारण त्या देशात, लेडीलँडमध्ये, पुरुष घराच्या आत असतात. जसा आपल्याकडे जनाना तसा तिथे मर्दाना. स्वयंपाक, पोरंबाळं, सगळं ते बघतात. फक्त भरतकाम त्यांच्यावर सोपवत नाहीत. सुईत दोरा ओवण्याएवढा धीर पुरुषाला कुठला, असं सारा म्हणते.

विनोदाची ही धार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आहे. सुलताना विचारते, बायका कचेरीचं काम करून घरी एवढ्या लवकर कशा? सारा तिला हिशेब मांडून दाखवते. एक चिरूट ओढायला अर्धा तास, पुरुष दिवसाला ओढतो बारा. झाले सहा तास. सारा आपलं काम दोन तासांत संपवते. सुलताना म्हणते, पण पुरुषाच्या अंगात बळ जास्त. सारा म्हणते, सिंहाच्या त्याहून जास्त, म्हणून काय तो माणसावर राज्य करतो? अशी उत्तरं सुचायला कुठे परदेशी जावं लागत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन-तीन खाला अशा होत्या की सारा त्यांच्यापुढे गप्प बसली असती. फरक एवढाच की त्यांचं बोलणं विहिरीवरच राहिलं.

पण ही नुसती उलटापालट असती तर मी तिला विज्ञानकथा म्हटलं नसतं, फार्स म्हटलं असतं. हा देश असा झाला कसा, याचं उत्तर रुकय्यांनी दिलंय आणि ते उत्तर आहे विद्यापीठ. तिथल्या राणीने मुलींना शिकवायचं ठरवलं, एकविसाव्या वर्षाआधी मुलीचं लग्न नाही असा कायदा केला. जरा काळ आठवा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यातलं वय बारा होतं, त्यावरून आपल्या पुण्यात केवढं रणकंदन झालं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. आणि ही बाई १९०५ साली एकवीस लिहून मोकळी.

मग तिथे बायकांची दोन विद्यापीठं निघाली. एका विद्यापीठाने आकाशात एक फुगा सोडला, त्याला नळ्या जोडल्या आणि ढगातलं पाणी हवं तेव्हा हवं तेवढं खाली उतरवलं. दुष्काळ नाही, पूर नाही. दुसऱ्या विद्यापीठाने चुरस म्हणून सूर्याची उष्णता साठवायचं यंत्र काढलं. तिकडे पुरुष तोफा-बंदुका वाढवण्यात गर्क, बायकांच्या या संशोधनाची टिंगल करत होते. पुढे शेजारच्या राजाशी युद्ध पेटतं. सोळा-सोळा वर्षांची पोरं लढायला जातात, सैन्य हरत येतं. तेव्हा विद्यापीठाची प्राचार्या म्हणते, आता आम्ही जातो, पण आमची एक अट आहे. आम्हाला पडदा पाळायचाय, तेव्हा आम्ही बाहेर पडण्याआधी सगळ्या पुरुषांनी जनान्यात जावं. थकलेले पुरुष निमूट आत जातात. दोन हजार विद्यार्थिनी रणांगणावर जाऊन एकवटलेलं ऊन शत्रूवर सोडतात. लढाई संपते. पुरुष आतच राहतात.

इथे मी थांबते, दर वेळी. कुणालाही कुलपात घालणं न्याय नव्हे, ते पुरुष असले तरी. माझ्या मुलीचं म्हणणं असं की अम्मी, तो आरसा आहे, तुला जे खुपतंय तेच त्यांना दाखवायचंय. तिचं बरोबर असेल. दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी 'हरलँड' लिहिली. तीही बायकांच्याच देशाची कथा, पण तिथे पुरुष मुळात नाहीतच. रुकय्यांनी ती सोपी वाट घेतली नाही. त्यांच्या देशात पुरुष आहेत, जिवंत आहेत, फक्त दरवाजाच्या चुकीच्या बाजूला आहेत. सखावतसाहेबांना तो सूड वाटला यात नवल नाही. त्यांनी तो छापायला पाठवला, याचं नवल मला अजून वाटतं.

आता त्या विज्ञानाविषयी. ते अगदीच हवेतलं नव्हतं. रुकय्यांच्या जन्माच्या सुमारास, १८७८ साली, आपल्या मुंबईतच विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उष्ण देशांत सरपण-कोळशाऐवजी ऊन वापरता येईल, असं सांगणारं पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. आरसे जुळवून त्याने उन्हावर अन्न शिजवून दाखवलं, वाफेचं इंजिनही चालवलं. म्हणजे सूर्यचूल हा शब्द आपल्या तोंडी बसण्याच्या शंभर वर्षं आधी ती मुंबईत पेटली होती. बंगालमध्येही वारं होतंच. १८९६ साली खुद्द जगदीशचंद्र बोसांनी केशतेलाच्या एका बाटलीने समुद्रातलं वादळ शमतं अशी गोष्ट लिहिली होती.

पण रुकय्यांचं ऊन जातं कुठे ते पाहा. युद्ध एकदाच, तेही नाइलाजाने. नंतर ते ऊन रोज जातं ते स्वयंपाकघरात. सारा सुलतानाला आपलं स्वयंपाकघर दाखवते. ते भाजीच्या बागेत आहे. धूर नाही, धुराडं नाही, कोळशाचा मागमूस नाही, खिडक्यांवर फुलं. एका नळीतून ऊन आत येतं आणि रांधलं जातं. शेत विजेवर नांगरलं जातं. गावात डास नाहीत. रस्ते मऊ, हिरवळीचे. त्या काळातल्या पुरुषांच्या विज्ञानकथांत माणूस चंद्रावर चालला होता, समुद्राच्या तळाशी चालला होता. त्या मी आवडीने वाचल्या आहेत. पण त्या चंद्रावर निघालेल्या माणसाचा डबा कुणी केला, हे त्यांत येत नाही. रुकय्यांचं यंत्र पहिल्यांदा जातं ते पाणी भरणारीकडे आणि चूल फुंकणारीकडे. माझ्या नानीचे डोळे धुराने गेले. डॉक्टरांनी मोतीबिंदू म्हटलं, तो काढलाही, पण नानी शेवटपर्यंत फुंकणीलाच दोष देत होती. म्हणून ते धुराडं नसलेलं स्वयंपाकघर वाचताना मला ती परीकथा वाटली नाही.

आणखी एक गोष्ट. लेडीलँडमध्ये आगगाडी नाही, त्यामुळे अपघात नाहीत, असं एक वाक्य सहज येऊन जातं. मी ते आधी तसंच वाचून पुढे गेले होते. नंतर रुकय्यांचं 'अवरोधबासिनी' हाती आलं. १९३१ सालचं पुस्तक, पडद्यातल्या बायकांच्या सत्तेचाळीस छोट्या हकिकती. त्यात त्यांच्या सासरच्या नात्यातल्या एका बाईंची हकीकत आहे. किउल स्टेशनवर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून त्या फलाट आणि गाडी यांच्यामधून खाली रुळावर पडल्या. हमाल धावले. सोबतच्या दासीने त्यांना अडवलं. खबरदार, बीबीसाहेबांना हात लावू नका! तिला एकटीला काही ओढवेना. गाडी अर्धा तास थांबली. मग सुटली. एवढं स्टेशन माणसांनी भरलेलं आणि बाई सर्वांच्या देखत गेल्या. ही हकीकत वाचल्यावर 'आगगाडी नाही, त्यामुळे अपघात नाहीत' हे वाक्य पुन्हा जाऊन वाचावं.

आपल्याकडे असं काही झालं का? झालं. काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली आली. एका संस्थानाचा कारभार एका तरुण राणीच्या हाती येतो आणि ती बायकांना शिकवून, अधिकार देऊन राज्य बदलून टाकते. त्यात उडती गाडी नाही, तिला विज्ञानकथा म्हणण्याचा हट्ट मी करणार नाही. पण जात तीच. काशीबाईही शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर घरातल्या बायकांची बोलणी खात शिकल्या. भागलपूरची सून आणि पुण्याची सून, दोघींनी कागदावर पहिली मागितली ती राज्यसत्ताच. ही कादंबरी आपल्यापैकी किती जणांनी वाचलीय? मीही रुकय्यांचा माग काढता काढताच तिच्यापर्यंत आले, आणि मराठीत बी.ए. केलंय मी.

गोष्टीच्या शेवटाकडे सारा सुलतानाला राणीकडे नेते, ते उडत्या गाडीतून. एक चौकोनी फळी, तिच्यावर स्क्रूने बसवलेल्या दोन खुर्च्या, हायड्रोजनचे गोळे, विजेवर फिरणारी दोन पंखांसारखी पाती. वर छप्पर नाही, बाजूला पडदा नाही. राणी भेटते, विद्यापीठं, प्रयोगशाळा पाहून होतात. परत निघताना सुलताना गाडीतून घसरते आणि दचकून जागी होते. पाहते तो आपल्याच खोलीत, आरामखुर्चीत.

श्रोतेहो, गोष्ट इथे संपते. रुकय्यांचं पुढे काय झालं ते ऐका.

१९०९ साली सखावतसाहेब गेले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. वैधव्याला पाच महिने होतात न होतात तोच रुकय्यांनी भागलपुरात शाळा काढली. विद्यार्थिनी पाच. मालमत्तेवरून घरात कटकटी सुरू झाल्या, तेव्हा त्या सगळं सोडून कलकत्त्याला आल्या आणि १९११ साली पुन्हा सुरुवात केली, आठ मुलींवर. घरोघर जायचं, आयांशी बोलायचं, मुलींच्या पडद्याला धक्का लागणार नाही अशी हमी द्यायची. ज्यांनी लेडीलँड लिहिलं त्या बाई शाळेसाठी स्वतः पडदा पाळत राहिल्या. कुणी याला तडजोड म्हणेल. तडजोड आहेच. पण शाळा चालवून बघा म्हणजे कळेल.

मग मुलींना ने-आण करायला शाळेची मोटार बस आली. तिची हकीकत 'अवरोधबासिनी'मध्ये शेवटी शेवटी आहे. बस अशी बांधून घेतली होती की आत वारा शिरू नये. पुढे-मागे एकेक जाळी, तीन इंच रुंद, दीड फूट लांब. बाकी सगळं बंद. पहिल्याच दिवशी सोबत गेलेली दासी परत येऊन सांगू लागली की आत उकाड्याने जीव जातो, मुलींना ओकाऱ्या झाल्या, लहानग्या अंधारात रडत होत्या. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराची झडप उघडून तिथे पडदा लावला. तरी काही मुलींना भोवळ आली. मग बाजूच्या झडपाही काढल्या, तिथेही पडदे लावले. त्या संध्याकाळी एक हिंदू मैत्रीण भेटायला आली. तिने हसत हसत सांगितलं, बाई, तुमची मोटार मला आधी मोठी पेटीच वाटली, आणि आमचा भाचा ओरडत आला, ती बघा फिरती ब्लॅक होल चाललीय! तो म्हणत होता ती कलकत्त्याच्या इतिहासातली, माणसं गुदमरून मेली ती अंधारकोठडी. नारळीकरांचं कृष्णविवर निराळं, ते फार पुढचं. पण मला त्या पोराचा शब्द विसरता येत नाही. दोन्हींतून उजेड बाहेर येत नाही.

तिसऱ्या दिवशी चार-पाच आया भांडायला आल्या. तुम्ही आमच्या पोरी जिवंत गाडायला निघालात म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळच्या टपालाने चार पत्रं आली. एक इंग्रजी, तीन उर्दू. तक्रार सगळ्यांची एकच. तुमच्या बसचे पडदे वाऱ्याने उडतात आणि मुली दिसतात. उद्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर वर्तमानपत्रांतून शाळेची बदनामी करू, मुली बंद करू. इंग्रजी पत्राखाली सही होती, तुमचा इस्लाममधला बंधू. दिवसा आया म्हणतात मुली गुदमरतात, रात्री बंधू म्हणतात वारा येतो. मध्ये एकट्या रुकय्या.

हवेत पडद्याशिवाय उडणारी गाडी त्यांनी लिहून ठेवली होती. प्रत्यक्षात वाट्याला आली ती ही बस. त्यांनी ती चालवली. १९३२ च्या ९ डिसेंबरला त्या गेल्या, त्यांच्या जन्मतारखेलाच, असं मानतात. आदल्या रात्रीही लिहीत होत्या, विषय बायकांचे हक्क. सखावत मेमोरियल शाळा कोलकात्यात आजही भरते, आता ती सरकारी आहे.

आमची नानी बार्शीत स्टेशनला जायची ती टांग्याला चारी बाजूंनी चादर बांधून. अम्मी तेव्हा पाच-सहा वर्षांची, ती चादरीच्या फटीतून रस्ता बघायची आणि नानीला सांगायची, आता गिरणी आली, आता वडाचं झाड आलं. नानीला बार्शीचा रस्ता असा ऐकूनच पाठ झाला होता. ती चादर अम्मीला अजून आठवते, फुलाफुलांची.

मागच्या रमजानमध्ये एका दुपारी मी अम्मीला सुलतानाची गोष्ट सांगितली, आमच्या दखनीत, आठवेल तशी. रोजा होता, तिला झोप येत नव्हती. चिरुटांच्या हिशेबाला ती तोंडावर पदर घेऊन हसली. धुराडं नसलेल्या स्वयंपाकघराचं सांगितलं तेव्हा गप्प झाली. थोड्या वेळाने विचारलं, "और बर्तनां कौन मांजते वहाँ?"

"मर्दां," मी म्हटलं.

अम्मीने कूस बदलली आणि म्हणाली, "फिरसे बोल वो, शुरू से."